फुलीखालची वाळू

माझ्या हातचा नकाशा चुकू शकतो, हे वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. अख्खा कोकण किनारा फळ्यावर न बघता काढायचे. त्यामुळे मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत पावसाचं पाणी जिरवायला शोषखड्डा खणायचं ठरलं आणि ‘विजेची केबल कुठून जाते?’ असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी तयारच होते. बऱ्याच वर्षांपूर्वी ती केबल बदलली, तेव्हा भर उन्हात छत्री धरून मी तिथे उभी राहिले होते आणि नकाशा काढला होता. गेटच्या खांबापासून भिंतीच्या कडेने सात पावलं, तिथे केबल. आता त्याच कागदावर मी बारा पावलांवर लाल फुली मारली आणि वळणदार अक्षरात लिहिलं : ‘येथे खणण्यास हरकत नाही.’ वीज कंपनीच्या माणसाला बोलावून जागा तपासून घ्यावी, असं कुणीतरी पुटपुटलं. “कशाला? बाईंचा नकाशा आहे ना!” सेक्रेटरी म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

खणायला नवरा-बायको आले. दोघं पन्नाशीच्या आसपासची, मराठवाड्यातली, नाक्यावर उभं राहून मिळेल ते काम करणारी. मी कागद पुढे केला. त्याने आधी हात पँटला पुसले, मग कागद घेतला आणि माझी लाल ओळ मोठ्याने वाचून बायकोला ऐकवली. तिला वाचता येत नव्हतं.

“बाईंनी लिवून दिलंय,” तो म्हणाला आणि पहार उचलली.

“पहार ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “आधी मी उकरते.”

ती खुरपं घेऊन बसली. थोडं उकरायचं, हाताने चाचपायचं, माती घमेल्यात भरायची. तासाभराचं काम दिवसभर चालणार, हे दिसत होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“अगं, सगळं कागदावर आहे. केबल तिकडे, पाच पावलं लांब.”

“आसंल की,” ती म्हणाली आणि उकरत राहिली.

मग मी खुर्चीच ओढून घेतली. लक्ष ठेवायला म्हणून बसले, पण दहा मिनिटांत रागबीग विसरून खड्ड्यात डोकावू लागले. जन्मभर मुलांना मातीचे थर शिकवले आणि स्वतःच्या दारातली जमीन कधी पाहिली नव्हती! पेव्हर ब्लॉकखाली जुन्या शहाबादी फरशीचे तुकडे निघाले, त्याखाली तांबडा मुरूम. मुरमात एक बांगडीचा तुकडा, एक गंजलेलं बिजागर. समोरच्या भिंतीपलीकडे जरा चाललं की मिठागरं लागतात, म्हणजे आणखी खाली खाडीची काळी चिकट माती असणार, असा माझा अंदाज होता. मी तिला ते सांगितलंही. ती नुसती हं हं करत होती.

दुपार व्हायला आली तसा नवरा कंटाळला. “सरक, आता मी घेतो. जेवायच्या आत उरकू.” ती वर आली, पाण्याची बाटली तोंडाला लावली. तो खड्ड्यात उतरला आणि त्याने पहार उचलली.

तेवढ्यात मला त्याच्या पायाशी काहीतरी फिकट दिसलं.

“अरे वा, वाळू!” मी आनंदाने ओरडले. “बघ, इथून पूर्वी ओढा वाहत असणार.”

तिने बाटली टाकली. “अवो, थांबा!”

पहार वरच्या वर राहिली. “आता काय झालं? बाईंनी लिवून दिलंय.”

“वर या आधी.” तो बाहेर येईपर्यंत ती हलली नाही. मग माझ्याकडे वळली. “वढ्याच्या वाळूत गोटे असत्यात, बाई. ही चाळल्यावानी हाय. कुणीतरी आणून वतलीया. केबल वाळूत निजवत्यात.”

खड्ड्याच्या काठावर पालथी पडून तिने बोटांनी वाळू बाजूला केली. खाली विटा होत्या, एकीला एक लावून नीट मांडलेल्या. खाली केबल आहे, थांबा, असं सांगायलाच त्या ठेवतात, हे तिनेच मला सांगितलं. वर तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर घरघरत होता. त्याची वीज याच विटांखालून जात होती आणि पहार नुसती लोखंडाची होती.

मी गेटकडे पाहिलं आणि मग आठवलं. मधल्या काळात गाड्या लावायला जागा हवी म्हणून आम्ही गेट सरकवलं होतं. बरोब्बर पाच पावलं, केबलपासून लांब. मीटिंगला मी स्वतः हात वर केला होता. सात आणि पाच बारा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काम तिथेच थांबवलं. दुसऱ्या दिवशी वीज कंपनीचा माणूस आला. त्याचं यंत्र जिथे जिथे वाजलं तिथे त्याने पिवळी रेघ मारली. ती रेघ माझ्या फुलीवरूनच गेली. आता नव्या नकाशात मी मापं इमारतीच्या कोपऱ्यापासून घेतली आहेत.

पण काम थांबवलं त्या दुपारी मी त्या खणणाऱ्या माणसासमोर उभी राहिले तेव्हा मला एवढंच बोलता आलं, “चुकलं माझं.”

“हुतं, बाई,” तो म्हणाला. नकाशा परत द्यायला म्हणून तो त्याची घडी घालत होता, पण तीनदा घालूनही घडी काही बसेना. शेवटी तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि मला दिला.

“कागद काय, दुसरा काडता यील,” ती म्हणाली आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

तो कागद मी फाडलेला नाही. माझ्या लाल ओळीवर त्याच्या अंगठ्याचा मातकट ठसा उमटला आहे. ओळ अजून स्वच्छ वाचता येते.