मोठीमायची ओळ

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की आहे आणि ती मी चालवते. नवरा हंगामात कापसाच्या जिनिंगवर जातो, बाकी दिवस मिळेल ते करतो. कळंबच्या रस्त्यावरचं गाव, लाईट येईल तेव्हा दळण. लाईट नसली की डब्यांची रांग लागते आणि बाया माझ्याच तोंडाकडे बघतात, जशी काही वीज मीच पदरात बांधून ठेवली आहे.

चक्कीचा पट्टा एका ठिकाणी जोडलेला होता. तो जोड चाकावरून गेला की 'थप' वाजायचं. थप, थप, थप, दळण संपेपर्यंत. माझी पोरगी तेव्हा पहिलीत होती. त्या थपवर ती पाय आपटायची आणि तोंडाला येईल ते बोलायची, डबेवाल्या बायांची नावं, भाज्या, पाढे. मी म्हटलं, पोरी, हे तर रॅप आहे.

रॅप म्हणजे मला लग्नाच्या डीजेवरचं तेवढं माहीत होतं. तेच फोनवर लावून दिलं. फोन स्टीलच्या गिलासात उभा केला की आवाज मोठा येतो. तिनं नीट कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "आई, हा मानूस इतक्या गाड्या ठेवते कुठी?" दुसऱ्या गाण्यातही गाड्याच, तिसऱ्यात दारू. मलाच लाज वाटली. यावर आपण नाचलो होतो काय, बापा.

मग आम्ही नवीन शोधायला लागलो. लाईट नसली की दोघी पोत्यांवर बसायचो आणि एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं काढत जायचो. शिवी आली की मी गिलासावर हात झाकायची, मग ती माझ्या बोटांना कान लावायची. पारख तिची. पाय हलला तर ठेवायचं, नाही हलला तर पुढचं. एक पोरगा आपल्या धुणीभांडी करणाऱ्या मायबद्दल म्हणत होता, ते आम्ही ठेवलं. कुठल्या तरी डोंगराकडची एक पोरगी तिच्या बोलीत म्हणायची, त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी माझ्या पोरीनं ते सगळं पाठ केलं. आणि एक दिवस एक पोट्टं निघालं, ते चक्क वऱ्हाडीत, रस्त्यातल्या खड्ड्यांवर. पोरगी उठून उभीच राहिली. "आई, हा तं आपल्यासारखा बोलते." माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आपल्या बोलण्यावर लोक हसतात एवढंच आजवर पाहिलं होतं.

आमच्यात तिसरी होती ती शेजारची मोठीमाय. नात्यानं कोणी नाही, पण सगळं गाव तिला मोठीमाय म्हणतं. नवरा जाऊन वर्षं झालेली, लेक राजूरला दिलेली, जावई कोळशाच्या खाणीत. ही इथं आपलं रान एकटी वाहायची, कापसात मधे मधे तुरीची तासं टाकून. ज्वारी दळायला आली की बसून राहायची आणि रॅप ऐकून एकच विचारायची, "हे पोट्टं दम कुठी घेते व? मरन न एखाद्या दिवशी." तिच्या या बोलण्याला पोरगी हसून हसून पोत्यावरून खाली पडायची.

आदल्या हंगामात बोंडअळी पहिल्यांदा आमच्या शिवारात आली होती. बीटी कापसाला अळी लागत नाही म्हणून सांगितलेलं, आणि बोंडं फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी आरामात बसलेली. चक्कीवर दुसरा विषय नव्हता. मोठीमाय तर अळीशी माणसासारखी भांडायची, "माह्या घरात बसली अन दार लावून घेतलं सटवीनं." ते पोरीनं उचललं, पट्ट्याच्या थपवर बसवलं आणि उरलेलं आम्ही दोघींनी जुळवलं:

अळे अळे, गुलाबी अळे,
बोंडात बसली दार लावून,
कापूस खाल्ला पोट भरून,
निंघ बाहीर, घे सामान,
हे आहे माह्या मोठीमायचं रान.

शेवटची ओळ तिची स्वतःची. ती म्हणताना मोठीमायकडे बोट करायची आणि मोठीमाय पदर तोंडाला लावायची. म्हातारीला तिच्या रानाचं गाणं मिळालं होतं. एवढा आनंद मी तिच्या तोंडावर परत पाहिला नाही.

आता जवाईबुवा. हे माझ्या नणंदेचे यजमान, तालुक्याला कृषी केंद्र, बियाणं, खत, फवारे. आमच्याकडे उन्हाळ्यात जवायाला रसाचं जेवण असतं. शेवयांसारखे हातानं वळलेले सरगुंडे, वाटीभर तूप, आंब्याचा रस, आणि जवाई म्हणेल ते. जवायापुढे आवाज चढवायचा नाही, त्याला नाही म्हणायचं नाही, पोरगी दिली आहे ना आपण. त्या वर्षी जेवण झाल्यावर सासूबाईंनी पोरीला पुढं केलं. "मामाजीले म्हनून दाखव व तुवं ते अळीचं." आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामाजीच म्हणतात. पोरीनं झकास म्हटलं. जवाईबुवांनी फोन काढला, परत म्हणायला लावलं, रेकॉर्ड केलं आणि तिच्या हातावर चॉकलेट ठेवलं. मी तेव्हा चुलीपाशी वाढून घेत होते. लेकराचं कौतुक करतात, एवढंच मला वाटलं.

पेरणीच्या आधी गावात प्रचाराची गाडी आली. भोंग्यातून माझ्या पोरीचा आवाज. पोरं गाडीमागं पळाली, पोरगी सगळ्यात पुढं, चप्पल एकीकडे टाकून. मी चक्की बंद करून दारात आले. 'निंघ बाहीर, घे सामान' झालं आणि लगेच एका बाप्याचा जाड आवाज आला, कुठल्याशा नव्या बियाण्याचं नाव, अळीची चिंता मिटली म्हणून. पुन्हा पोरीचा आवाज, पुन्हा तो बाप्या. पोरगी हळूहळू चालत परत आली. म्हणाली, "आई, मोठीमायले काढून टाकलं."

गाणं आपलं, आवाज आपला, आणि विचारलं कोणी नाही.

संध्याकाळी मोठीमाय आली ती खुशीत. बियाण्याची पाकिटं पिशवीतून काढून तिनं पोरीच्या मांडीवर ठेवली. दरवर्षी ही बाई गावात चौघांना विचारून बियाणं घ्यायची, त्यातही दोन वाणांचं मिसळून. मी विचारलं, "सगळं हेच घेतलं?" तर म्हणते कशी, "पोरीचा आवाज आयकला, मंग दुसरं कायले पाहू?" मी म्हटलं, मोठीमाय, ही जाहिरात आहे, थोडं थांबा, बदलून आणा. ती माझ्यावरच चिडली. "आपलंच लेकरू खोटं बोलन काय?"

कापसाची पऱ्हाटी मोठी झकास आली. पुरुषभर उंच, बोंडांनी लदलेली. मोठीमाय रोज येऊन पोरीला हिशोब द्यायची, इतकी फुलं, इतक्या पात्या-कळ्या. दिवाळीनंतर एका दुपारी ती चक्कीवर आली ती डब्याशिवाय. ओंजळीत बोंडं होती. तिनं एक अंगठ्यानं फोडलं. आतली सरकी खाल्लेली, कापूस पिवळा चिकट, आणि ती गुलाबी बया तिथं वळवळत होती. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. पोरगीच म्हणाली, "मोठीमाय, मी तं तिले निंघ म्हनलं होतं. मंग काहून आली?"

मोठीमायनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते बियाणं गावात बऱ्याच घरी गेलं होतं. शाळेत पोरं तिला पाहिलं की 'अळी आली, अळी आली' करायची. मोठी माणसं तोंडावर बोलत नव्हती, पण डबा ठेवताना एकीनं मला ऐकवलंच, "तुमचं बरं आहे बाई, आवाजाचे भेटले असतीन." एक छदाम नाही आणि हे ऐकायचं. पोरगी घरी येऊन गप बसायची. मी नवीन काही शोधून गिलासात फोन लावला तर उठून बंद करायची. "नको." पट्टा थपथप करायचा आणि तिचे पाय स्थिर. माझ्या चक्कीवर त्याच्याइतकी वाईट गोष्ट मी पाहिली नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, बोला जवायाला. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "काय बोलू? बहिनीले तिथंच नांदाचं आहे." सासूबाई म्हणाल्या, "जवायाले कोनी बोलते काय? झालं गेलं." शेवटी मीच फोन केला. जवाईबुवा गोड बोलले. "वहिनी, हवामानापुढं आपलं काय चालते? तुम्ही उलट खुश व्हा, आपल्या पोरीचा आवाज पुऱ्या तालुक्यात गेला." मी फोन ठेवला. घरात जे बोलायचं नव्हतं ते मी भांड्यांशी बोलले आणि भांडी आपटून पोचे पाडले. राग आला होता, आजही आहे.

संक्रांतीनंतर मोठीमायनं पऱ्हाट्या उपटल्या, रान ठेक्यानं दिलं आणि राजूरला लेकीकडे निघाली. ज्या बाईनं नातू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी तोंडात घेतलं नाही, ती आता जवायाच्या घरी ताटावर बसणार. तो खाणीतला जवाई चांगला आहे म्हणे. असेलही. पण जायच्या दिवशी ती मान वर करत नव्हती. दारात येऊन पोरीला म्हणाली, "एकदा म्हन व माय. माह्यी ओळ घेऊन." पोरगी चक्कीच्या मागं जाऊन बसली. मी ओढायला गेले तर मोठीमायनंच अडवलं. "राहू दे. लेकरू आहे." एस.टी. आली आणि ती न ऐकताच गेली.

पुन्हा उन्हाळा आला, पुन्हा रस. सासूबाईंनी सरगुंडे वळून घेतले ते माझ्याचकडून. जवाईबुवा पाटावर बसले, जेवले, ढेकर दिली, पान लावलं. मग म्हणाले, "कुठी आहे आमची रॅपवाली? म्हन व ते अळीचं."

मला वाटलं ती पळून जाईल. ती आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. पाय आपटला. इतक्या महिन्यांनी. संथ, एकेक शब्द चावत तिनं म्हटलं, आणि 'निंघ बाहीर, घे सामान' म्हणताना बोट थेट मामाजींच्या छातीकडे. मग बोट वळवून शेजारी मोठीमायच्या घराच्या कुलपाकडे केलं आणि शेवटची ओळ म्हटली. सासूबाईंचा हात कपाळावर गेला. नवऱ्यानं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, आता तरी यांना लागेल.

जवाईबुवा खदखदून हसले. "वा. ते बोट तं लय भारी." आणि त्यांनी खिशातून फोन काढला. "परत म्हन, असंच बोट दाखवून. या वर्षी नवीन वाण आलं आहे. फक्त ते शेवटचं राहू दे."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि माझ्या तोंडात घरातल्या सगळ्या रीती घट्ट अडकलेल्या.

मी उठले, पुढच्या खोलीत गेले आणि चक्कीचं बटण दाबलं. आत दाणा नव्हता. रिकामी चक्की कोणी फिरवत नाही, दगडावर दगड घासून टाकीच्या खाचा जातात, पुन्हा टाकी मारायला कारागीर बोलवावा लागतो. दगड किंचाळायला लागले. आतून जवाईबुवा ओरडले, "काही आयकू नाही येऊन राह्यलं, रेकॉर्ड कसं करू?" सासूबाई दारात येऊन हातवारे करत होत्या, दगड जाईल, दगड जाईल. मी बटणावर हात ठेवून उभी राहिले.

पोरगी आली आणि मला चिकटून उभी राहिली. पट्टा थपथप करत होता. तिचा पाय त्यावर पडत होता आणि ओठ हलत होते. शेवटच्या ओळीला तिनं बंद घराकडे बोट केलं. ऐकू मलाही काही आलं नाही, पण बटण मी बंद केलं नाही.