गाडग्यातल्या लांडोरी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा कडूबा देऊळघाटला राहायचा आणि जंगल खात्यात नाकेदार होता. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण रुबाब असा की कचेरीतल्या आम्हा लिहिणाऱ्यांना तो खिजगणतीतही धरत नसे. मी तिथं कारकून. मला तो ‘किसनराव’ म्हणायचा ते मानानं नव्हे, चिडवायला.

त्याच्या राखणीत करवंदीची दरी होती. आषाढ लागला की लांडोरी तिथल्या जाळ्यांमध्ये जमिनीवरच अंडी घालतात आणि उबवायला बसतात. कडूबा रोज दरीत हिंडायचा. नवी बसलेली लांडोर दिसली की धोतराच्या खोचेत एक चिंचोका टाकायचा आणि संध्याकाळी तो ओसरीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या गाडग्यात जायचा. कोल्ह्यानं अंडी खाल्ली, गुरांनी घरटं तुडवलं, तर गाडग्यातला एक चिंचोका काढून तो अंगणापलीकडे भिरकावून द्यायचा. त्या दिवशी त्याच्याशी बोलायची कुणाची छाती नसे.

दसऱ्याच्या सुमारास तो गाडगं घेऊन बुलढाण्याला कचेरीत यायचा. त्याला आकडे येत नसत, म्हणून चिंचोके मी मोजायचो आणि रजिस्टरात आकडा लिहायचो. पहिल्या वर्षी चौसष्ट भरले. तेव्हाच्या साहेबांनी खूश होऊन स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला. तेव्हापासून गाडगं म्हणजे त्याचं सर्वस्व झालं. माणूस खोटं बोलेल, गाडगं बोलत नाही, असं तो भर कचेरीत छातीवर हात ठेवून सांगायचा. मोजून झालं की ते गाडगं फडक्यानं बांधून घरी न्यायचा आणि माळ्यावर ठेवायचा.

एक खोड मात्र वाईट. जंगलातली गोष्ट तो घरात काढत नसे. घरट्याची जागा घरात बोलली गेली की तिसऱ्या दिवशी तिथं कुणाचा तरी फास लागतो, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझी बहीण कोकिळा काही विचारायला गेली की तो विडी पेटवून अंगणात जाऊन बसे. मला याचा राग यायचा. ज्या बाईच्या हातची भाकर खातोस, तिच्यावर एवढाही विश्वास नाही?

दुसऱ्याच वर्षापासून दरीत पावसाळ्यात गुरं चरायला सुटू लागली. परवाना असलेली गुरं, त्यांना अडवणार कसं? जाळ्या मोडल्या, गुराख्यांची कुत्री झुडपं हुंगत फिरू लागली. लांडोरी कमी दिसतात, असं कडूबा मला दर वर्षी सांगायचा. पण गाडगं मोजावं तर एकसष्ट, अठ्ठावन्न, साठ. मग त्यानं ठरवलं की गाडगं खोटं बोलणार नाही, तेव्हा दरी ओस दिसते ती आपली नजरच अधू झाली म्हणून. त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवू लागला. देऊळघाटच्या हबीब अत्तरवाल्याकडून सुरमा आणून रोज सकाळी घालू लागला. पन्नाशीचा नाकेदार डोळ्यांत सुरमा घालून जंगलात निघाला की गाव हसायचं. मीही हसलो. ‘कोणाले भुलवायले चालले, भाऊजी?’ असं विचारायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आठव्या वर्षी नवे साहेब आले. पाखरांची आवड असलेला माणूस. दरी पायी हिंडले आणि कडूबाला म्हणाले की यंदा नीट मोज; बसलेल्या लांडोरी तिसाच्या आत भरल्या तर पुढच्या पावसाळ्यापासून दरी गुरांना बंद करतो, वर नागपूरपर्यंत लिहितो. कडूबा हरखून गेला. त्या पावसाळ्यात त्यानं पायाला भिंगरी बांधल्यागत दरी पालथी घातली. घरी एक अक्षर सांगितलं नाही. मला सगळं ठाऊक होतं. पण मी तरी बहिणीला कुठं सांगितलं?

दसऱ्याआधी त्यानं गाडगं साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मी मोजलं. सत्तावन्न.

कडूबा म्हणाला, पुन्हा मोज. पुन्हा सत्तावन्नच. मग तो डोळे मिटून एकेक घरटं बोलून दाखवू लागला, जे जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते. वारुळाजवळचं, पडक्या बांधावरचं, दोन पळसांमधलं. मी बोटांवर मोजत होतो. बावीस झाली आणि तो थांबला. त्याहून जास्त नाहीत, म्हणाला, आईची आण.

साहेबांनी आठ वर्षांचं रजिस्टर उघडून त्याच्यापुढे धरलं. त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाले, ‘‘गाडगं खोटं बोलत नाही, हे तूच सांगत आलास. आता तोंडाच्या आकड्यावर मी सही कशी करू?’’

त्यांचं काय चुकलं? मी सत्तावन्न लिहिलं आणि त्यांनी खाली सही केली.

देऊळघाटपर्यंत आम्ही पायी आलो. कोकिळा ओसरीवर सुपात उडीद पाखडत होती. त्यानं गाडगं तिच्यापुढे ठेवलं आणि यात हात घातला होता का, एवढंच विचारलं. ती चक्क हसली. आपली लबाडी पकडली गेली आणि आता नवराही हसेल, असं तिला वाटलं असावं.

‘‘हाव,’’ ती म्हणाली. ‘‘फेट्याच्या दुसऱ्या वर्सी गाडगं अर्धंच भरलं होतं. तुमी दोन दिवस जेवले नाई. तुमचं तोंड पाह्यवलं नाई मले. मंग मी मूठभर टाकले. कचेरीतून हसत आले तुमी. तवापासून दर साली टाकतो.’’

कडूबा तिथंच ओसरीवर टेकला.

‘‘सात वर्सं,’’ तो म्हणाला. ‘‘सात वर्सं मले वाटलं का माह्ये डोळे गेले. अन् डोळे खरं सांगत होते. कोण्या परक्यानं नाई, माह्या घरानं फसवलं मले.’’

मग त्यानं तिला तिसाच्या आकड्याचं सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं जंगलातली गोष्ट घरात काढली, ती ही. कोकिळेच्या हातातलं सूप कलंडलं. मले काऊन नाई सांगितलं, असं ती पुटपुटली. मी खाली बघत उभा राहिलो.

तो उठला, शिडी लावून माळ्यावरची सगळी गाडगी खाली आणली आणि एकेक करून ओसरीवर उपडी केली. पहिल्या वर्षीच्या गाडग्याला आपण हात लावला नव्हता, असं कोकिळेनं देवाची शपथ घेऊन सांगितलं. त्यानं तेही ओतलं. साडेचारशेहून जास्त चिंचोक्यांची रास झाली.

‘‘यातले तुह्ये कोनते,’’ तो म्हणाला, ‘‘तेवढे काढ.’’

ती बिचारी खरंच बसली. एक चिंचोका उचलायची, उलटून पाहायची, परत राशीत ठेवायची. दुसरा उचलायची. डोळ्यांतून पाणी चालू होतं, पण हात थांबत नव्हता. दिवेलागण झाली तरी बाजूला एकही चिंचोका निघाला नव्हता. कडूबा खांबाला टेकून बघत राहिला. बस म्हणाला नाही. मला त्याचा संताप आला आणि त्याची दयाही आली.

पुढच्या पावसाळ्यात दरीत गुरं चरली. कडूबा जंगलात जात राहिला, पण खोचेत चिंचोके नव्हते आणि डोळ्यांत सुरमाही नव्हता. दसऱ्याला तो हात हलवत कचेरीत आला. मी रजिस्टर उघडून विचारलं, किती? झाडानझाड ओळखणारा तो माणूस खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘‘लिही, ठाऊक नाई.’’

मी तसंच लिहिलं. तो रिटायर होईपर्यंत दर वर्षी त्या रकान्यात मी तेच लिहीत आलो.