डाव्या गालावरचं लासं

बायको गेल्यावर मी देवळात जायचं सोडलं. कोपरला आमच्या घरामागं दत्ताचं देऊळ आहे. चाळीस वर्षं ती मला ओढत तिथं न्यायची. साध्या तापाचं निमित्त झालं आणि दत्तानं तिला अठरा दिवसांत नेलं. मी भांडलो नाही. भांडायचं तरी कुणाशी, तो बोलत नाही. नुसता जायचा थांबलो.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीत शाळा सुटली, पुढचा जन्म डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात गेला. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या डाव्या गालावर जन्मापासून लाल डाग आहे, डोळ्याखालून पार जबड्यापर्यंत. आमच्या गावी त्याला लासं म्हणतात. मी पोटात असताना आईनं ग्रहणात विळीवर बसून भोपळा चिरला, त्यानं हे आलं असं सगळे म्हणायचे, आणि तिनं ते खरं मानलं. शेवटच्या दुखण्यातसुद्धा माझ्या गालाकडं बघून म्हणाली, "माझी चूक झाली रे." मी मुली बघायला गेलो की लोक चहा पाजून वाटेला लावायचे. हिनं मात्र होकार दिला. का दिलास विचारलं तर म्हणायची, "गर्दीत सापडायला बरा." थट्टा करायची, पण झोपताना तिचा हात त्याच गालावर असायचा.

वय झालं तसं लासं जांभळं पडलं, जाड झालं, त्यावर मण्यांएवढे फोड आले. ती गेली त्यानंतर त्यातून रक्त यायला लागलं. दाढी करताना जरा लागलं की थांबायचं नाव नाही. मुलानं ठाण्याला एका डॉक्टरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, लेझरनं रक्त थांबेल, डागही फिका होईल, पाच-सहा वेळा यावं लागेल. मुलानं तारीख घेतली. मी गप्प बसलो, कारण मनातली गोष्ट सांगायची लाज वाटत होती. डाग गेला तर वर गेल्यावर ती मला ओळखणार कशी? बहात्तर वर्षांच्या बाप्यानं असलं बोललं तर पोरगं हसेल. पण मला दुसरं काही सुचतच नव्हतं. आदल्या दिवशी देवळावरून जाताना आत न शिरता रस्त्यावरूनच म्हटलं, "काय ते एकदा सांग. करू का नको?" उत्तर आलं नाही. मग मीच ठरवलं, डॉक्टरबाईंना तोंडावर नाही म्हणायचं आणि घरी यायचं.

दवाखान्यात नर्सनं गालाला बधिर करायचं मलम लावलं, तेही मी मुकाट्यानं लावून घेतलं. मुलगा कागद करायला खिडकीवर गेला. समोरच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई, शेजारी तिची सून, सुनेच्या मांडीवर सात-आठ महिन्यांची पोर. पोरीच्या डाव्या गालावर माझंच लासं. कोवळं, गुलाबी.

सासूचं तोंड चालूच होतं. "किती वेळा सांगितलेलं, ग्रहणात आत बस. नाही! बाईसाहेब फोन कानाला लावून भेंडी चिरतायत. आता भोगतंय कोण? लेकरू. वर चटके द्यायला आणलंय. घरी चल, देवीची ओटी भरू, अंगारा लावू, जाईल ते."

सून पोरीचं टोपरं तेवढं नीट करत राहिली.

मी तोंडाचा फटकळ. ही असती तर तिनं मला चिमटा काढून गप्प केलं असतं. "ओ बाई," मी म्हटलं, "माझी आई हेच ऐकत मेली. तिच्या वेळी भेंडी नाही, भोपळा होता."

ती वळली आणि माझ्या गालाकडं बघतच राहिली. तेवढ्यात डॉक्टरबाई मला बोलवायला आल्या. मी सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, ग्रहणात चिरल्यानं हे होतं का?"

"नाही हो आजोबा. कातडीखालच्या रक्ताच्या बारीक नळ्या जन्मापासून रुंद राहतात, म्हणून लाल दिसतं. आईनं काही केलं म्हणून हे होत नाही."

सून मान खाली घालून रडायला लागली. मला माझी आई आठवली. तिला हे एवढं एक वाक्य कुणी सांगितलं नाही.

सासू मात्र हटेना. "डॉक्टर तर तसंच म्हणणार. दादा, तुम्ही आधी आत जा. धड बाहेर आलात तर पोर देते. नाहीतर मी हिला घेऊन चालले."

मी नाही म्हणायला आलेलो. शब्द ओठांवर होता. पण ती पोर माझ्याकडं टक लावून बघत होती. मी उठलो आणि आत गेलो.

डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, सगळा अंधार. गालावर गार फवारा, मग रबर ताणून मारावं तसा फटका. पुन्हा फवारा, पुन्हा फटका. पहिले काही फटके मला बायकोचा हातच आठवत होता. मग मनात म्हटलं, "दत्ता, तिनं मला ओळखायचं कसं ते तुझं तू बघ. मला नाही झेपत." कितीतरी महिन्यांनी त्याचं नाव घेतलं. त्यानंतरचे फटके लागत होते, पण मी मोकळा झालो होतो.

बाहेर आलो तर गालावर शाईचे ठिपके पडल्यासारखं निळंकाळं झालेलं. सासू किंचाळलीच, "अगं आई गं! काळं केलं की!"

"काळं झालंय," मी म्हटलं. "दहा-बारा दिवसांत जाईल म्हणतात. फटके बसतात, खोटं सांगत नाही. पण हे तोंड घेऊन मी बहात्तर वर्षं फिरलोय, बाई. त्यापुढं हे काहीच नाही."

तिनं माझा गाल जवळून निरखला. मग सुनेच्या मांडीवरून पोर उचलली. "तू नको येऊस, तुला बघवायचं नाही. मी धरते." आणि आत गेली.

आतून पोरीचं रडणं येत होतं. सुनेनं बाकाची कड घट्ट धरलेली. म्हणाली, "आजोबा, सकाळी देवाला म्हटलेलं, आज एकानं तरी माझ्या बाजूनं बोलू दे."

मी दत्ताकडं खूण मागितली होती. मला त्यानं काहीच सांगितलं नाही, कामाला लावलं. मी त्याला सोडलेला, तरी.

सासू बाहेर आली तेव्हा तिचेच डोळे लाल होते. सुनेची माफी वगैरे काही मागितली नाही. पोरीला खांद्यावर थोपटत पिशवीतला डबा सुनेपुढं सरकवला. "सकाळपासून उपाशी आहेस. खा आधी. हिला मी बघते." मी त्या बाकावरूनच दत्ताला हात जोडले.

आता चार वेळा जाऊन आलोय. रक्त थांबलं. डाग फिका झालाय, सगळा जायचा नाही म्हणतात, नाही तर नाही. बायकोला का नेलं, ते मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचंही मी सोडून दिलं. देवळात जातो. पूर्वी मागणी घेऊन जायचो. आता समोर बसतो आणि म्हणतो, काही काम असेल तर सांग, मी मोकळाच आहे.