खिडकीबाहेरचे गुरुजी

"कोणी सांगितलं तुला असं म्हणायला?"

गुरुजींना कुणी म्हटलं, 'तुमची गोष्ट फार आवडली हो,' की त्यांचा पहिला प्रश्न हा. आणि विचारताना नजर तुमच्याकडे नाही, तुमच्या खांद्यावरून पलीकडे. तिथे उभं राहून कुणी तुम्हाला पढवत तर नाही ना, ते बघायचं. मी पहिल्यांदा त्यांचं कौतुक केलं तेव्हा मीसुद्धा घाबरून मागे वळून बघितलं होतं. मागे शाळेची भिंत होती आणि तिच्यावर रंगवलेली बाराखडी.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. किन्हवलीच्या पुढे, एसटी जिथून माघारी फिरायची, तिथे आमची शाळा. खोल्या दोन आणि शिक्षकही दोनच. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. माणूस बारीक, टोपी किंचित पुढे झुकवलेली. तोवर मुलांसाठी लिहिलेली त्यांची तीन पुस्तकं पुण्याच्या एका प्रकाशकाने काढली होती. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, मधल्या सुट्टीत, डबा मांडीवर ठेवून ते लिहायचे. लिहून झालं की गठ्ठा सुतळीने बांधायचा, गाठीवर लाख लावायची आणि शहापूरच्या पोस्टात तो टपालाच्या पोत्यात पडलेला दिसेपर्यंत खिडकीशी उभं राहायचं. पोस्टातले लोक त्यांना बघितलं की आधी पोतं दाखवायचे!

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. गुरुजी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. असं पोळणं कसं होतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. शहापूरला त्यांचा सत्कार होता. मीही गेले होते, पुढच्याच खुर्चीवर बसले होते. प्रमुख पाहुणे अर्धा तास गुरुजींच्या कवितांवर बोलले. किती गोड कविता, किती सोप्या कविता! गुरुजींनी जन्मात एक कविता लिहिलेली नव्हती. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. गुरुजींनी शाल घेतली, मग नारळ घेतला, आणि सगळ्यांच्या देखत तो कानाशी धरून हलवून बघितला.

"अहो, तिथे कशाला हलवलात?" मी परतीच्या गाडीत विचारलं.

"भाषण पोकळ निघालं. म्हटलं, निदान नारळ तरी बघून घ्यावा."

मी इतकी हसले की कंडक्टर वळून बघायला लागला. गुरुजी हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मोठ्यांचं सोडा बाई. पोरांना आवडतं का, एवढंच मला कळायला हवं. पण मी पडलो मास्तर. पोरं हसली तर ती गोष्टीला हसली की छडीला घाबरून हसली, हे कसं ओळखायचं?"

मग त्यांनीच युक्ती काढली. माझी पहिली-दुसरीची मुलं लवकर सुटायची. शेवटच्या तासाला मी गुरुजींच्या वर्गावर जायचं आणि 'एक जुनी गोष्ट आहे' असं सांगून त्यांची नवी गोष्ट वाचायची. लेखकाचं नाव घ्यायचं नाही. गुरुजी 'जरा पाणी पिऊन येतो' म्हणून बाहेर जायचे आणि पश्चिमेच्या खिडकीशी भिंतीला चिकटून आत डोकावायचे, पोरांची तोंडं बघायला.

काय सांगू तुम्हाला, पोरं काय हसायची! मला वाटायचं, काय माझं वाचन, काय माझे आवाज! शाळा सुटल्यावर गुरुजी फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत यायचे. "तो मागच्या ओळीतला हसला का हो? नक्की?" असं पुन्हा पुन्हा विचारायचे. त्यांना हे किती हवं होतं ते मला तेव्हा दिसलं. शेतातल्या जिवांच्या गोष्टींचं एक मोठं पुस्तक त्यांच्या मनात होतं. या तासाच्या जिवावरच ते लिहिणं चाललं होतं.

त्यातली पहिली गोष्ट खेकडीणबाईची. ही बांधात घर करून राहते आणि दरवर्षी नांगर येऊन तिचं घर मोडतो. ती कमरेवर नांग्या ठेवून ओरडते, "अरे नांगऱ्या, दार वाजवून यायला काय होतं तुला?" शेवटी कंटाळून ती नदीवर राहायला जाते आणि दगडाखाली सुखात नांदते. त्या दिवशी पोरं हसता हसता बाकांवरून घसरली. गुरुजींना राहवलं नाही. ते तडक वर्गात आले. चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "पोरांनो, ही गोष्ट कोणाची, ठाऊक आहे? माझी!"

मग सुमन नावाची चौथीतली पोरगी उठली. "ठावं हाय गुरुजी."

"कसं?"

तिने जमिनीकडे बोट दाखवलं. कलत्या उन्हात खिडकीच्या गजांची सावली पहिल्या ओळीपर्यंत पसरली होती. "तुमी डोकावता ना, तवा तुमच्या टोपीची सावली हितं येते. ती आली का आमी हसतो. तुमाला बरं वाटतं ना."

मी कपाळावर हात मारला. जगातल्या प्रत्येकाचा संशय घेणाऱ्या या माणसाला स्वतःच्या सावलीचा संशय आला नव्हता! पोरांचं प्रेम बघून खरं तर डोळ्यांत पाणी यावं. पण गुरुजींचा चेहरा बघवेना. "शहाणी आहेस," एवढंच ते सुमनला म्हणाले. त्या मोठ्या पुस्तकाचा गठ्ठा त्यांनी सुतळीने बांधला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला.

मी किती समजावलं. "अहो, पोरं खरंच हसत होती. मी समोर होते ना!"

"तुम्ही कागदात बघत होतात, बाई."

पुढच्या वर्षी त्यांची बदली मुरबाड तालुक्यात झाली. ते टोकावड्याला खोली घेऊन राहिले; गठ्ठा तिथेही फळीवरच. लिहिणं सुटलं ते सुटलंच. दिवाळीला भेट झाली की मी आवर्जून विचारायची आणि ते आवर्जून विषय बदलायचे.

बरीच वर्षं गेली. एकदा भाचीच्या साखरपुड्याला मी टोकावड्याला गेले होते. परतताना एसटीची वाट बघत उभी होते. शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर रडवेलं पोर. त्याला गप्प करायला तिने गोष्ट सुरू केली. "एक व्हती खेकडीणबाय..."

मी कान टवकारले. बांध आला, नांगर आला, 'दार वाजवून यायला काय व्हतं तुला' हेही आलं, आणि पोर खुदकन हसलं. शेवट मात्र भलताच. मी न राहवून विचारलं, "ही गोष्ट कुठली गो?"

"जुनी हाय. नणंदेनं सांगितली. तिला कोनी सांगितली काय ठावं. आमच्यात समदी सांगतात."

माझी गाडी आली आणि गेली. मी उलटी वळले आणि जवळजवळ धावतच गुरुजींची खोली गाठली. ते तांदूळ निवडत बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं आणि विचारलं, "किती दिवस शिकवत होतात तिला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही! "मला दुसरे उद्योग नाहीत का?" मी ओरडले. "ठेवा तुमचा संशय तुमच्याकडे! आणि शिकवायचंच असतं तर नीट शिकवलं असतं. शेवट पार चुकवला तिने."

मी चपला घालत होते. मागून आवाज आला, "चुकवला म्हणजे?"

"तुमची खेकडीण नदीवर जाऊन सुखात राहते. हिची नदीवर जाते, पण तिला पाण्याच्या आवाजाने झोप लागत नाही. मग परत बांधावर येते आणि घराला दोन दारं ठेवते. नांगर एका दाराने आत आला की ही दुसऱ्या दाराने बाहेर."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तांदळातच बोटाने दोन दारं काढली. मग हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवलं असतं तर माझाच शेवट शिकवला असता."

"तेच तर सांगतेय मघापासून!"

"माझी मर्जी राखायची असती, तर कोणी बदलला नसता." त्यांचा आवाज फाटला. "त्यांनी ती घेतली हो. आपली म्हणून घेतली."

तांदळाचं सूप तसंच टाकून ते अनवाणी स्टँडकडे निघाले. ती बाई केव्हाच गेलेली होती. तरी रस्त्याकडे बघत ते किती वेळ उभे होते. मला फार आनंद झाला आणि फार वाईटही वाटलं.

फळीवरचा गठ्ठा सुटला. दीड-दोन वर्षांत मोठं पुस्तक आलं. त्यात खेकडीणबाई बांधावर परत येते आणि तिच्या घराला दोन दारं आहेत. मी अभिनंदन केलं तेव्हा म्हणाले, "आता कोणी आवडलं म्हणालं, तर विचारणार आहे, शेवट कसा हवा होता?" त्यानंतर एका पावसाळ्यात, भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात असताना, ते गेल्याचा निरोप आला.

परवा शेवटच्या तासाला मी तेच पुस्तक वर्गात वाचलं. ही पोरं नवीन, यांनी गुरुजींना कधी पाहिलेलं नाही. नांगऱ्याची ओळ आली आणि वर्ग खदाखदा हसला. माझी नजर आपसूक जमिनीकडे गेली. गजांच्या सावल्या होत्या. टोपी नव्हती.

गोष्ट संपली तशी पुढच्या ओळीतली एक चिमुरडी उठली. "बाई, दोन नाय, तीन दारं पायजेत. उंदीर आला मंग?"

मी तिला विचारलं, "कोणी सांगितलं तुला असं म्हणायला?"

तिने मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे.

"कोनी नाय."