डाव्या कोपऱ्यातला भागवत

शाळेच्या पटांगणात मुलांची कवायत चालली होती, तेव्हा सडकेच्या कामावरचा मुकादम सायकल हातात धरून फाटकाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. मी लांबूनच त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडाशी नेलेली शिट्टी तशीच राहिली. जवळ गेलो. "गुरुजी, भागवतराव गेले. नगरहून ट्रक आलाय आत्ताच..." एवढं बोलून तो खाली पाहू लागला. मागे मुलं जागच्या जागी पाय आपटत होती. त्यांना 'थांबा' म्हणायचं मला सुचलंच नाही.

त्याला आता महिना होत आला. संध्याकाळ झाली की अजून मला घरात बसवत नाही. उठतो, गावाबाहेरच्या कोरड्या तलावाकडे जातो, काठावर थोडा उभा राहतो, परत येतो. बायको विचारते, "काय हरवलंय?" काय सांगणार... भागवत आणि मी एका आळीत वाढलो. तो शेती बघायचा, मी गावच्याच शाळेत मास्तर झालो. पण तिसगावच्या पलीकडे आमच्या गावाचं नाव कुणी घेतलं तर ते ना शेतीसाठी, ना शाळेसाठी. ते आमच्या कबड्डीच्या संघासाठी. आणि त्या संघाचा डावा कोपरा म्हणजे भागवत. चढाईला आलेल्या गड्याचा पाय कोपऱ्याकडे वळायचा अवकाश, भागवतचे दोन्ही हात त्याच्या घोट्याला बसलेले असत. मग वरून कितीही ओढा, मध्यरेषा त्याला दिसायची नाही.

मैदानाबाहेर मात्र हा माणूस एका जागी ठरायचा नाही. जेवताना भाकरी हातावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायचा. एस. टी.त जागा असली तरी दाराशी उभा. स्वतःच्या लग्नात, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, माझ्या कानाशी येऊन म्हणाला होता, "मास्तर, तो थोरला मेव्हणा बघ. मांड्या बघ त्याच्या. पकडीला चालंल का रं?" मी त्याला गप्प बसवलं. पण त्याच्या डोक्यात बारा महिने तेवढंच असे. आमच्याकडे चढाई करणारे पोत्याने होते. टाळ्या त्यांनाच पडायच्या, जत्रेत लोक त्यांनाच खांद्यावर घ्यायचे. पकड करायला कुणी तयार नसे. तिथं ढोपरं फुटतात, तोंडात माती जाते आणि नाव दुसऱ्याचं होतं.

व्हायचं तेच झालं. काष्टीच्या सामन्यात उपांत्य फेरीत आम्ही पुढे होतो. दुसऱ्या डावात एका दांडग्या गड्याला धरताना भागवतचा खांदा निखळला. त्याला बाहेर नेलं आणि आमच्या संघाचा कणाच गेला. समोरचे येत होते, एकेकाला शिवून हसत परत जात होते. आमच्यावर लोण चढले, आम्ही नुसते बघत राहिलो. येताना गाडीत सगळे पंचाला शिव्या देत होते. भागवत हात गळ्यात बांधून दाराशी उभा होता. तो एकदम वळला. "पंचाला कशाला बोलता? म्या पडलो तर माझ्या जागी कोन, ह्याचा इचार आपुन केला हुता का? पुढच्या हंगामाला हेच व्हनार. लिहून घ्या." त्याचा धाकटा भाऊ नामदेव आमचा सगळ्यात चपळ चढाईवाला. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुला तर समद्यांनी जमिनीवरच लोळाया पायजे."

खांदा बसल्यावर भागवत सायकलवरून गावोगाव हिंडू लागला. तालमीत जाऊन बसायचा, जत्रेतल्या कुस्त्या बघायचा. कुणी हाती लागेना. तशात पाऊस दगा देऊन गेला आणि सगळ्या भागात दुष्काळ पडला. घोडेगावचा जनावरांचा बाजार ओसंडून वाहायला लागला, कारण चारा नव्हता आणि बैल दावणीला ठेवणं परवडत नव्हतं. भागवतही एक बैल घेऊन गेला. बैल विकला, पण तिथून हलेना. सगळे जनावरं बघत होते, हा जनावर धरणारी माणसं बघत होता. एवढ्यात एक खोंड बिथरून सुटला. माणसं पांगली. एक गडी मात्र आडवा गेला, त्यानं दावं धरलं, पार खाली बसून टाचा रोवल्या. खोंडानं त्याला बरंच फरफटत नेलं, पण त्यानं दावं सोडलं नाही. भागवत पळत त्याच्याकडे गेला. "कुठला रं तू?"

तो माणूस धुरळा पुसत हसला. "तुमच्याच गावचा की, भाऊ. बौद्धवस्तीतला दगडू. वळखलं न्हाई व्हय?"

त्याच दिवशी संध्याकाळी भागवत माझ्या ओट्यावर आला. बसला, उठला, पुन्हा बसला. "मास्तर, समदा तालुका पायाखाली घातला. अन् पकड हितं, वढ्याच्या पल्याड. मला त्याचं नाव बी ठावं नव्हतं." मग त्यानं दगडूशी झालेलं बोलणं सांगितलं. दगडू म्हणाला होता, "खेळीन की. पन कबड्डीत अंगाला अंग लागतं, भाऊ. तुमच्या पोरांला चालंल का? अन् डाव झाल्यावर पंगतीला मला येगळं बसवनार आसाल तर आत्ताच सांगा. म्या आपला बैलं धरीन." भागवतनं त्याला खोटा शब्द दिला नाही. "म्या तुझ्या शेजारी बसंन. बाकीच्यांचं आज सांगता येत न्हाई," असं तो म्हणाला आणि दगडूला तेवढं पुरलं.

बाकीच्यांना ते चाललं नाही. आमचं मैदान देवळापुढं होतं. जाणती मंडळी म्हणाली, हितं नको. दोन खेळाडू यायचे बंद झाले. त्यातला एक नामदेव. "भाऊ असला म्हनून काय झालं, म्या त्याच्या हातात हात घालनार न्हाई," असं तो चारचौघांत बोलला. घरात दोघांचं बोलणं बंद झालं. त्यांची आई एकाला वाढायची, तो उठल्यावर दुसऱ्याला. मला वाटलं, भागवत आता माघार घेईल. दुसऱ्या दिवशी तो चुन्याची पाटी घेऊन कोरड्या तलावात उतरला आणि तिथल्या मऊ मातीत रेघा मारायला लागला. "दुष्काळानं येवढं तरी मैदान दिलं," म्हणाला. संघातले बाकीचे तिकडं फिरकले नाहीत; मी शाळा सुटल्यावर जायचो. दगडू आणि तो अंधार पडेपर्यंत एकमेकांचे घोटे धरायचे, सोडवून घ्यायचे, पुन्हा धरायचे. भागवत सतत बोलायचा. "आता नको धरू... आता नको... पाय टेकू दे... हां, आता!"

दिवसा दोघंही सरकारनं काढलेल्या दुष्काळी सडकेच्या कामावर खडी फोडायला असत. दुपारी मजुरांना खायला सुकडी वाटली जायची तेव्हा माणसं आपापल्या माणसांत बसत. भागवत आपलं भांडं घेऊन दगडूच्या माणसांत जाऊन बसे. तिथं मात्र तो जागचा हलायचा नाही, असं मुकादमानं मला नंतर सांगितलं. एका सोमवारी पहार निसटून भागवतच्या पायावर आली. जखम फार मोठी नव्हती. त्यानं हळद लावून चिंधी बांधली आणि संध्याकाळी तलावात उतरला. मी म्हटलं, "अरे, तिसगावला डॉक्टरला दाखवून ये." तो म्हणाला, "दगडूचा उजवा हात अजून उशिरा पडतोय. तेवढं झालं की जातो."

आठवडाभरात त्याचा जबडा आवळला. धनुर्वात. खडीच्या ट्रकमधून त्याला नगरला नेलं. मी गेलो तेव्हा नामदेवही माझ्याबरोबर आला. इस्पितळाच्या खोलीत अंधार केला होता. उजेड नको, आवाज नको, हात लावू नका, असं नर्सनं बजावलं. जन्मभर एका जागी न बसलेला माणूस, आणि त्याला हलूसुद्धा नको म्हणत होते... दातांतून, फुटक्या आवाजात त्यानं विचारलं, "दगडू... येतो का रं... तळ्यात?" मी म्हटलं, "येतो." जरा वेळानं म्हणाला, "अन् नामा?" नामदेव माझ्या मागे भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला नाही. भागवतला तो दिसला की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. बाहेर आल्यावर नामदेव पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं गच्च धरून राहिला.

भागवत गेल्यावर काही दिवस तलावात कुणी उतरलं नाही. मग दगडू एकटाच येऊ लागला. मी चढाई करायचो, तो धरायचा. दोघांचा कसला संघ! पुढच्या हंगामात जायचं की नाही, हे काष्टीला कळवायची वेळ आली. गावच्या कबड्डी मंडळाच्या बैठकीत सगळे म्हणाले, "पकडीला मानूस न्हाई, यंदा राहू द्या." मी म्हणालो, दगडू आहे. मंडळी दुसऱ्याच विषयावर बोलू लागली. मी उठून आलो.

परवा संध्याकाळी मी आणि दगडू तलावात होतो. बांधावरून कुणी तरी खाली उतरताना दिसलं. नामदेव. त्यानं चपला काढल्या, मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला आणि दम भरून सरळ डाव्या कोपऱ्यावर चालून आला. दगडूनं पाय टेकू दिला. मग धरलं. नामदेव तडफडला, वळला, कोपरानं माती उकरत रेषेकडे सरकला. त्याचा दम संपला तरी तो ओढत राहिला. दगडूही सोडीना. मला मध्ये पडावंसं वाटलं. अखेर नामदेव तोंड मातीत घालून निपचित पडला आणि त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की तो रडतोय. दगडूनं हळूच हात सोडले आणि तसाच त्याच्या पायाशी बसून राहिला. नामदेव उठला. त्यानं पुन्हा चढाई केली नाही. तो उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हात आधी कुठला टाकायचा?"

दगडूनं त्याला उभं राहायला शिकवलं. गुडघे किती वाकवायचे, नजर कुठं ठेवायची ते सांगितलं. मग दोघांनी मधल्या माणसाविना, लांबूनच, साखळीचा हात एकमेकांकडे पसरून पाहिला. अंतर फार पडत होतं. दोघं एकेक पाऊल आत आले आणि बोटं अडकवून उभे राहिले.

"गुरुजी, या आता," दगडू म्हणाला.

मी धोतराचा काचा मारला आणि दम भरला.