नावाची पट्टी

"रानडे-सान, हे नाव कुठून आलं?" माझे बॉस इशिदा-सान यांनी मला विचारलं.

रिहर्सल चालू होती. मॉनिटरवर मिझुहो-सान हसत उभी होती आणि खालच्या पट्टीवर एका मुलाचं नाव झळकत होतं. तिचंच, पण तिने कधीच टाकून दिलेलं.

टोकियोतल्या एका टीव्ही चॅनलची टेलॉप सिस्टिम मी सांभाळते. टेलॉप म्हणजे बोलणाऱ्याच्या नावाची ती खालची पट्टी. मिझुहो-सानला मुलगा म्हणून वाढवलं होतं. गावातल्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, पार्ट-टाइम काम करून तिने टोकियोचं भाडं जमवलं. मग मॉडेल झाली, कायद्याने नाव बदललं, टीव्हीवर पाहुणी म्हणून गाजली. आणि आज सकाळच्या लाइव्ह शोची ती सूत्रसंचालिका होणार होती. पहिलाच दिवस! अख्खा मजला हरखला होता, मीसुद्धा.

चूक माझीच. आदल्या आठवड्यात मी डुप्लिकेट रेकॉर्ड एकत्र केले होते. एकाच माणसाच्या दोन नोंदी असतील तर सर्वांत जुनी खरी, असा नियम मीच लिहिला होता. तिची जुनी नोंद शाळेत असताना आमच्या चॅनलवर झालेल्या एका फॅशन स्पर्धेची होती, जुन्या नावाने.

"दोन मिनिटांत बदलते," मी म्हणाले.

"नाही," इशिदा-सान म्हणाले. "लाइव्हच्या अर्धा तास आधी डेटा लॉक होतो. दोन सह्यांशिवाय उघडत नाही. दुसरी सही करणारे ट्रेनमध्ये आहेत."

"पण इशिदा-सान, हा नियम कोणी..."

"तुम्हीच सुचवलात. मी फक्त शिक्का मारला."

पट्टी बंद ठेवणं हातात होतं, बदलणं नव्हतं. पण पहिल्याच दिवशी सूत्रसंचालिका बिननावाची? मी मेकअप रूममध्ये गेले आणि कमरेत वाकून माफी मागितली.

ती आरशातूनच बोलली. "आई आज पहिल्यांदा बघणार आहे. मिझुहो हे नाव तिने अजून एकदाही उच्चारलेलं नाही. निदान वाचलं असतं."

मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात कोपऱ्यात उभे केलेले फ्लिप दिसले. फ्लिप म्हणजे पाहुणे उत्तर लिहून कॅमेऱ्यासमोर धरतात तो पांढरा पुठ्ठा. पुठ्ठ्याला कसला लॉक?

"मिझुहो-सान, तुम्हीच लिहा ना!"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मग जाड मार्कर उचलला आणि पुठ्ठाभर नाव लिहिलं. इशिदा-सान दारातून म्हणाले, "मॅन्युअलमध्ये याला मनाई नाही." त्यांच्या तोंडून हे म्हणजे टाळ्या आणि शिट्ट्या!

शो सुरू झाला. तिने दोन्ही हातांनी फ्लिप वर धरला, नाव सांगितलं आणि वाकली. कंट्रोल रूममध्ये मी खुर्चीवरून उडी मारली, हेडफोनची वायर तुटता तुटता वाचली.

ब्रेकमध्ये तिने मला फोन दाखवला. आईचा मेसेज होता: "मिझुहो, अक्षराची शेवटची रेघ अजून लांबच ओढतेस. लहानपणी किती ओरडले तुला."

तिचा मेकअप पुन्हा करावा लागला. माझा कोणी केला नाही.

दुपारी इशिदा-सानांनी झालेल्या चुकीबद्दल रिपोर्ट मागितला. 'मूळ कारण' या रकान्यात मी लिहिलं: नाव जुन्या नोंदीला विचारलं, माणसाला विचारलं नाही.

त्यांनी वाचलं आणि शिक्का मारला. दुसऱ्या सहीची वाटही पाहिली नाही.