सातुर्निनाचं कोल्हनाक

सातुर्निना बटाट्याची जात डोळ्यांनी ओळखत नसे. हातात घेई, अंगठा फिरवी आणि नाव घेई, तेही असं की पडदा वर जाऊन एखादं पात्र रंगमंचावर यावं. पाउकार्ताम्बो या डोंगरी शहराच्या वरच्या गावांत मी चाळीस वर्षं सोंगं नाचवली, पण पात्रपरिचय तिच्याइतका झोकात मला कधी जमला नाही.

तिच्यापाशी ब्याण्णव प्रकार. पाहुण्यांपुढे सालीसकट ठेवायचे ते खानदानी. रश्श्यात विरघळणारे ते गरीब स्वभावाचे. आणि कडू ते डोंगरमाथ्याचे, हिवात गोठवून, पायांनी तुडवून वाळवल्याखेरीज तोंडात घालवत नाहीत.

मग एका फेब्रुवारीत कडक हिव पडलं आणि कोल्हनाक गेलं. लग्नात माहेराहून आणलेलं ते वाण. नणंद तोरिबिया तीस वर्षं त्यातलं मूठभर मागत होती. "तुझ्या जमिनीत रुसेल ते," एवढंच उत्तर मिळायचं. शहरातून आलेल्या संशोधकांना मात्र तिने हसत हसत पाच बटाटे दिले होते.

नऊ वर्षांनी, पेरणीच्या तोंडावर, त्याच संशोधकांकडची नेली नावाची तरुण शेतकी इंजिनियर कागदी पिशवी घेऊन आली. आत आठ बटाटे, गुबगुबीत आणि तुकतुकीत. तोरिबिया आणि मी तेव्हा तिथेच बसलो होतो.

सातुर्निनाने अंगठा फिरवला. "हे माझं नव्हे. माझं वाकडं होतं, खरबरीत."

"तेच आहे, ममाय. नीट बघा."

"पोरी, मी त्याला पन्नास वर्षं न्हाऊमाखू घातलंय. तू कधी भेटलीस त्याला?"

"वहिनी, नको असेल तर मला दे," तोरिबिया म्हणाली.

"तू गप!"

नेली सांगू लागली. बटाट्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे कुणाचे दोन संच, कुणाचे चार. कोल्हनाकाचे तीन, दोनवाल्याचा आणि चारवाल्याचा संकर. म्हणून त्याला बी धरत नाही. कंद गेला की संपलं.

"खेचर आहे म्हण की," सातुर्निना म्हणाली.

खात्री एकाच वाटेने होणार होती, आणि त्यासाठी आठातला एक जाणार होता. डोळे कापून लावायला वाचवावेत असं नेलीने म्हटलं तर ती म्हणाली, "कापलेला बटाटा पाणी पितो, चव खोटी सांगतो." तिने सगळ्यांत लहान उचलला, सबंध शिजवला आणि फोडला. मध्ये जांभळं कडं होतं. तिने मीठही न लावता घास घेतला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. प्रयोग चालेल की पडेल, हे पहिल्या रांगेतल्या एका चेहऱ्यावरून मी अनेकदा ओळखलं आहे. त्या दिवशी मला काही कळेना.

"तेच," ती म्हणाली. आणि रडवेली होऊन, "मग माझ्याकडे ते वाकडं का दिसायचं?"

नेली हळूच म्हणाली, "रोग मुरलेला होता, ममाय. पिढ्यान्‌पिढ्या. आम्ही तो काढला."

"म्हणजे मी आजारालाच त्याचा चेहरा समजत होते."



मग सातुर्निनाने सात बटाटे मांडीवर ओतले, चार बाजूला केले आणि तीन नणंदेच्या ओच्यात टाकले.

"तुझं शेत खाली आहे, तिथे हिव कमी. रुसलं तर कळव."

"तीनच?" तोरिबिया म्हणाली.

"पुढच्या सालीही मागशील ना? सवय आहे तुला."

दोघी हसल्या. मग शिजवलेला बटाटा उरला होता, त्याचे तुकडे करून तिने आम्हा सगळ्यांना एकेक दिला, मिरचीचा ठेचा पुढे सरकवला. मी माझा तुकडा हळूहळू खाल्ला.